थंड वाळूची परीक्षा

कोल्हापूरच्या फौंड्रीला वाळू कोकणातून, घाट चढवून आणावी लागते याचा मला तरुणपणी राग यायचा. गावाला पंचगंगा वळसा घालून जाते, उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं, गाढवं आणि बैलगाड्या लावून लोक वाळू उपसतात. आणि आम्ही मात्र कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याहून फोंडा घाट चढून येणाऱ्या ट्रकची वाट बघत बसलेले. पावसाळ्यात दाजीपूरच्या बाजूला दरड आली की ट्रक अडकणार. आला तरी वाळू ओलीचिंब, म्हणजे वजनात पाणीही आपणच विकत घेणार. वाळूपेक्षा भाडं जास्त. मामांच्या वहीतला तो आकडा बघून मला वाटायचं, या लोकांना कुणी हिशेबच शिकवलेला नाही.

ही १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला आणि उद्यमनगरात मामांची लहानशी फौंड्री. ऑइल इंजिनचे सुटे भाग, पंपाच्या बॉड्या, फ्लायव्हील, झाकणं अशी बिडाची कामं. क्युपोलाची भट्टी पेटवायचा दिवस ठरलेला, त्याआधी साच्यांचे डबे वाळूने भरून ओळीने मांडून ठेवायचे. मी आल्यावर मामांनी ‘‘वाळूचं तू बघ’’ एवढंच सांगितलं. त्यांना म्हणायचं होतं, ट्रक वेळेवर येतो का ते बघ. मी त्याचा अर्थ स्वतःला सोयीचा लावला.

मी वाळूचा अभ्यास सुरू केला. खरंच केला, आळस हा माझा दोष नव्हता. भारतीय मानकांपैकी आयएस १९१८ मिळवलं. त्यात फौंड्रीच्या वाळूच्या भौतिक चाचण्या दिलेल्या आहेत. ओळखीने एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाळण्यांचा संच आणि वाळू ठोकायचं यंत्र वापरायला मिळालं. ५० मिलिमीटर व्यासाची नळी, तिच्यात वाळू, वरून वजनाचे तीन ठोके, की ५० मिलिमीटर उंचीचा गोल ठोकळा तयार होतो. त्या ठोकळ्यातून दोन लिटर हवा पार जायला किती वेळ लागतो त्यावरून वाळूची हवा सोडण्याची ताकद काढायची. तोच ठोकळा दाबून फोडला की ओली ताकद कळते. मला हे सगळं फार आवडलं. वाळूसारख्या बेशिस्त वस्तूला आकडा मिळतो याचाच आनंद.

पंचगंगेची वाळू मी उपशाच्या ढिगावरून आणली. इथेच पहिली चूक, आणि ती कळायला सगळ्यात उशीर लागला. ढिगाच्या माथ्यावरची, उन्हात सुकलेली, वाऱ्याने बारीक माती उडून गेलेली स्वच्छ वाळू मी दोन पिशव्या भरून उचलली. ट्रॅक्टर भरताना फावडं लागतं ते ढिगाच्या पोटात आणि बुडाशी, जिथे गाळ बसलेला असतो. नमुना घ्यायचा तर वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या खोलीतून घ्यायचा, सगळं एकत्र मिसळून त्याचा शंकू करायचा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्याचं पुन्हा तसंच करायचं. हे मानकांत लिहिलेलं होतं. मी ते पान ‘हे काय, साधंच आहे’ म्हणून उलटलं.

नदीची वाळू भरड निघाली. त्या काळी आमच्या बिडाच्या ओल्या वाळूला बारीकपणाचा अंक पन्नाशीच्या थोडा वर असावा लागे. मग मी काठावरची बारीक गाळवट वाळू तिच्यात मिसळली आणि गणिताने अंक बरोबर जुळवला. वहीत अजून ते कोष्टक आहे, अक्षर सुरेख आहे. पण हा अंक सरासरीचा असतो. सगळे दाणे मध्यम असले तरी तो पंचावन्न येतो आणि निम्मे भरड, निम्मे बारीक असले तरी पंचावन्नच येतो. दुसऱ्या प्रकारात बारीक दाणे भरड दाण्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि हवेची वाट बंद होते. हवेची चाचणी मी मिश्रणावर केलीच नाही. सुट्या भरड वाळूवर केली होती, तोच आकडा पुढे ओढला.

मातीचं प्रमाण काढताना तर मी स्वतःवरच खूश झालो. ५० ग्रॅम कोरडी वाळू पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घालून घुसळायची, थांबायचं, वरचं गढूळ पाणी नळीने ओढून काढायचं, पुन्हा पाणी भरायचं. पाणी नितळ होईपर्यंत हेच. शेवटी उरलेली वाळू सुकवून तोलली की जेवढं वजन घटलं तेवढी माती. माझ्या मिश्रणात ती भरपूर निघाली. मी मामांना सांगितलं, ‘‘हिच्यात निसर्गानेच चिकण माती घातलेली आहे, बेंटोनाइट निम्म्यावर आणता येईल.’’ वाळू चिकटवायचं हे बेंटोनाइट यायचं कच्छहून, म्हणजे तिथेही भाडं वाचणार. वास्तविक ही चाचणी फक्त आकार बघते. मिनिटाला एक इंच यापेक्षा सावकाश जे बसतं, म्हणजे साधारण २० मायक्रॉनपेक्षा बारीक असतं, ते सगळं माती म्हणून मोजलं जातं. त्यात चिकटणारी माती किती आणि दगडाचं नुसतं पीठ किती, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी मिथिलीन ब्लूची वेगळी चाचणी असते. माझी निसर्गदत्त चिकण माती बरीचशी पीठच होती.

तरी आमच्या फौंड्रीतल्या मिस्त्रींनी वाळू पास केली. त्यांनी ओली वाळू मुठीत आवळली, मूठ उघडली; बोटांचे ठसे स्वच्छ उठले होते. गोळा मधोमध मोडला, कडा न ढासळता मोडला. ‘‘मूठ बसतीया सायेब,’’ एवढंच म्हणाले. मला आणखी काय पाहिजे होतं? एका बाजूला मानक, दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षांचा हात.

पहिल्यांदा आम्ही ॲल्युमिनियमची थोडी कामं त्या वाळूत ओतली. उत्तम निघाली, कातडी अशी की हात फिरवत राहावं. मग बिडाची पातळ झाकणं ओतली, तीही बरी आली. मी वहीत ‘यशस्वी’ असं लिहून खाली रेघ मारली आणि कासार्ड्याचा पुढचा ट्रक रद्द केला.

मग फ्लायव्हील ओतली.

दुसऱ्या दिवशी डबे फोडले तेव्हा वाळू सुटेना. एरवी घणाचा एक ठोका मारला की वाळूचा पापुद्रा गळून पडतो आणि खाली निळसर राखाडी बीड दिसतं. इथे रिमच्या आतल्या कोपऱ्यात, जाड भागाला धरून, काळपट हिरवी, काचेसारखी चकाकणारी साल बसली होती. छिन्नी लावली तर छिन्नी घसरायची. ग्राइंडर लावला तर दगड गुळगुळीत होऊन नुसता किंचाळायचा. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या पोरांनी मला ऐकू जाईल अशा बेताने शिव्या घातल्या. त्यातली काही चाकं घासूनपुसून पाठवली, ती गिऱ्हाइकाच्या लेथवर गेली आणि त्यांच्या टुलांची टोकं उडाली. माल परत आला, सोबत टुलांचं बिलही आलं.

मी काय केलं? मोल्डरला धरलं. साच्याच्या आतून ग्रॅफाइटचा काळा लेप मारायचा असतो, तो त्याने नीट मारला नाही असं मी ठरवलं. मोल्डरची मजुरी डब्यावर असायची, खराब निघालेल्या डब्याचे पैसे मिळत नसत. त्या आठवड्याची त्याची मजुरी मी कापली. तो म्हणाला, ‘‘सायेब, लेप मारलाय. वाळूच वितळतीया.’’ मी त्याला सांगितलं की वाळू वितळत नाही. हे मी डिप्लोमा झालेल्या माणसाच्या आवाजात सांगितलं. पुढे पैसे द्यायला गेलो तेव्हा तो शिरोलीच्या एका कारखान्यात लागला होता. त्याने पैसे घेतले, चहा पाजला, आणि परत आला नाही.

वाळू वितळते की नाही हे मला शेवटी एका लोहचुंबकाने सांगितलं. फेटलिंगमध्ये खाली सांडलेले लोखंडाचे कण गोळा करायला आम्ही चुंबक फिरवत असू. एका पोराने तो गमतीने नदीच्या कोऱ्या, न वापरलेल्या वाळूच्या ढिगात खुपसला, आणि बाहेर काढला तर त्याला काळी दाढी फुटलेली. तो ते मला दाखवायला आला कारण त्याला वाटलं, कुणीतरी ढिगात लोखंडाचा कीस मिसळलाय. मी तीच वाळू पुडीत बांधून भूशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे नेली. त्यांनी पुडी उघडायच्या आधी विचारलं, ‘‘नदी कुठली?’’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग बघायचं काय त्यात?’’

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला मिळणाऱ्या सगळ्या नद्या सह्याद्रीतून उतरतात, आणि आमच्या बाजूचा सह्याद्री म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर. नदी ज्या दगडावरून येते तोच दगड ती दळून आणते. पंचगंगेच्या वाटेत गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा डोंगर नाही, म्हणून तिच्या वाळूत नावाला गार. बाकी सगळा बसाल्टचा चुरा, आणि त्यातला मॅग्नेटाइट चुंबकाला लागलेला. बसाल्ट साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडून वितळतो. आमचं बीड ओतलं जायचं १३५० च्या आसपास. गारेची वाळू १७०० अंशांच्या वर तग धरते, म्हणून घाट चढवून आणायची. कासार्डे-फोंड्याच्या बाजूला लाव्ह्याच्या खालचा जुना वालुकाश्म उघडा पडलेला आहे, आणि तो गारेचा आहे. मामांच्या वहीतला तो भाड्याचा आकडा या दगडाच्या फरकाचा होता.

मग मी विचारलं, वाळूत पांढरे, चकाकणारे दाणे दिसतात ते काय? त्यांच्याच जोरावर मी ‘यात गार आहे’ असं मामांना सांगितलं होतं. त्यांनी भिंगाखाली धरून दाखवलं. थोडी गारगोटी होती, थोडा कॅल्साइट, आणि बरेचसे झिओलाइट. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जी सुंदर पांढरी स्फटिकं मिळतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसतात, तीच ही. झिओलाइटच्या आत पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. म्हणजे ज्या दाण्यांवर माझा भरवसा होता, ते ओतताना वाफ सोडत होते. काही झाकणांच्या वरच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली होती, ती मी ‘वाळू जरा ओली राहिली’ म्हणून सोडून दिली होती.

पातळ झाकणं बरी का आली तेही मग उमगलं. पातळ भागातली उष्णता थोडी असते. वाळू वितळण्याइतकी तापायच्या आत बीड थिजून जातं. जाड भाग वाळूला तासभर भाजत बसतो. आतल्या कोपऱ्यात तर दोन्हीकडून भाजतो. मी चाचणीला सर्वांत सोपं काम निवडलं आणि त्याच्या निकालावर सर्वांत अवघड काम ओतलं. आता कुणी नवी वाळू दाखवली तर मी पायऱ्यापायऱ्यांचा एक ठोकळा ओतायला सांगतो, एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला चांगला जाड, एक आतला कोपरा मुद्दाम ठेवलेला. वाळू कुठल्या पायरीवर हार मानते ते डोळ्यांनी दिसतं.

आणि मिस्त्रींची मूठ? ती चुकली नव्हती. त्यांचे वडील-आजोबा पितळेचं ओतकाम करणारे, समया आणि घंटा ओतणारे. त्यांच्या घरात हात घडला तो हजार-अकराशे अंशांच्या धातूवर, आणि तेवढ्याला नदीकाठची वाळू-माती पिढ्यान्‌पिढ्या पुरली होती. त्यांनी वाळूची परीक्षा अगदी बरोबर घेतली, फक्त दुसऱ्या धातूसाठी. मी घेतलेल्या चाचण्याही तशाच होत्या: चाळणी, ठोके, हवा, ताकद, सगळं खोलीच्या तापमानाला. वाळू थंड असताना कशी वागते एवढंच मी मोजलं. ती कशाची बनली आहे हे सांगणारं रासायनिक पृथक्करण आणि भाजून घट काढायची परीक्षा मी केली नाही, कारण त्यांना पैसे पडत होते.

इतकं झाल्यावर माणसाने गप्प बसावं. मी बसलो नाही. कासार्ड्याची वाळू परत सुरू झाली, पण बेंटोनाइटचा खर्च डोक्यात राहिला होताच. प्राध्यापकांच्या बोलण्यात सहज आलं होतं की काळ्या रानातली माती आणि बेंटोनाइट एकाच जातीच्या मातीची बनलेली. कच्छचं बेंटोनाइटही लाव्ह्याचा दगड कुजूनच झालेलं. मला वाटलं, सापडलं! आमच्या स्वतःच्या शेतात हात घालून काढावी इतकी काळी माती. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात, पावसात ती चपलेला सोडत नाही. हिच्याहून चिकट काय असणार?

ताकद खरंच चांगली आली. पण शेतातली माती म्हणजे निव्वळ चिकण माती नव्हे. तिच्यात मुळं, काडीकचरा, क्षार आणि चुनखडीचे खडे असतात. खडे मी चाळून काढले, चुन्याची बारीक पूड मात्र चाळणीतून आरामात खाली गेली. चुना तापला की वायू सोडतो, आणि गारेच्या संगतीत तिला लवकर वितळायलाही लावतो. शिवाय काळ्या मातीतली चिकण माती कॅल्शियमची, थोडं पाणी कमीजास्त झालं की तिचा स्वभाव बदलायचा. सकाळी भरलेले डबे दुपारच्या उन्हात कडेने भुरभुरायला लागले. मिस्त्री त्या वेळी काही बोलले नाहीत. डब्याच्या कडेची सुकलेली वाळू त्यांनी बोटाने खाली पाडली आणि माझ्याकडे बघितलं.

समुद्राच्या वाळूचा प्रकार याहून लवकर आटोपला. किनाऱ्यावरची वाळू उचलायला आजच्यासारखी बंदी तेव्हा नव्हती. एका नातेवाइकाने कोकणातून थोडी पाठवली, पांढरी, गोल दाण्यांची, एकसारखी. वाळू असावी तर अशी. कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे करायला घेतली. कोअरभोवतीचं प्रत्येक कास्टिंग भोकांनी भरलं. डाग द्यायच्या कामासाठी ठेवलेल्या ॲसिडचे दोन थेंब त्या वाळूवर टाकले तर ती सोडावॉटरसारखी फसफसली. शिंपल्यांचा चुरा, म्हणजे परत चुना. पुढे फ्युरानची राळ आली तेव्हा हाच चुना ॲसिडचा हार्डनर कसा खाऊन टाकतो आणि कोअर कच्चे कसे राहतात हे शेजारपाजारच्या फौंड्र्यांनी बघितलं. वाळूची आम्लाची भूक मोजायची चाचणीच त्यासाठी आहे. मला ते दोन थेंब आधी टाकायला काय झालं होतं, याला उत्तर नाही.

कासार्ड्याची वाळू म्हणजे सगळं निर्दोष असंही नव्हे. गार ५७३ अंशांना आपली आतली रचना बदलते आणि एकदम फुगते. मोठ्या सपाट प्लेटा ओतताना साच्याचं छत या फुगण्याने उचलून सुटायचं आणि कास्टिंगवर खपल्या यायच्या. बसाल्टच्या वाळूत हा त्रास कधी आला नव्हता. लाकडाचा भुसा, कोळशाची पूड, थोडं पाणी कमी, असं करत आम्ही त्यातून वाट काढली.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणी बोलत नव्हतं. गारेची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. डबे फोडणारे आणि फेटलिंगवाले तोंडाला पंचा बांधायचे, तोही उन्हाळ्यात गळ्यात उतरायचा. मीच ट्रक परत सुरू केला, मीच वाळूची चाचणी करत होतो, आणि कुठल्या चाळणीवर किती राहते ते लिहिताना सगळ्यांत खालच्या ताटलीत पडलेली भुकटी ‘अत्यल्प’ म्हणून झटकून टाकत होतो. तीच सर्वांत घातक. नदीच्या वाळूत बाकी शंभर दोष होते, हा दोष नावापुरता होता.

आता नदीची वाळू मिळणंच मुश्कील झालं आहे, आणि काळा दगड क्रशरमध्ये दळून केलेली वाळू बांधकामाला सगळीकडे विकली जाते. हल्ली इचलकरंजीच्या बाजूने एक तरुण आला होता. त्याची ॲल्युमिनियमची लहान फौंड्री आहे, आणि क्रशरची वाळू स्वस्त पडते म्हणून तो तिचे आकडे घेऊन आला होता. छापील तक्ता, रंगीत आलेख. मी आधी विचारलं, बीड ओतणार आहेस का? तो म्हणाला, नाही, ॲल्युमिनियमच, फार तर थोडं पितळ. मग म्हटलं, ओतून बघ. साधारण ७०० अंशांवर ओतायच्या धातूला हा दगड वितळत नाही. क्रशरचे दाणे टोकदार असतात, त्यामुळे बेंटोनाइट जास्त लागेल, आणि दळताना झालेलं पीठ धुऊन काढल्याशिवाय हवा सुटणार नाही. नमुना ढिगाच्या पोटातून घे. त्याने ते सगळं फोनमध्ये लिहून घेतलं आणि विचारलं, उद्या कुणी बिडाचं काम दिलं तर तीच वाळू चालवून घेता येईल का, पातळ कामापुरती?